बाईकचं हेल्मेट घालून कार रेस करता येते का? हेल्मेट घेण्याआधी लेबल कसं वाचायचं?

सावंतवाडीहून आंबोली घाट चढून आजऱ्यामार्गे कोल्हापूर गाठलं की मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. दुसऱ्या दिशेला बांदा ओलांडलं की गोवा. मूळची मलेशियातली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा २०१४ साली भारतात आली, ती गोव्यातच आणि भर पावसात. नाशिकनेही 'रॅली ऑफ महाराष्ट्र'च्या निमित्ताने राष्ट्रीय रॅली स्पर्धेची फेरी पाहिली आहे.

हौसेने गाडी पळवणाऱ्या तळकोकणातल्या तरुणांना मोटरस्पोर्ट त्यामुळे आता टीव्हीपुरता राहिलेला नाही. पण पहिल्या स्पर्धेची तयारी करताना बरेच जण एक चूक करतात. गाडीवर खर्च होतो, टायरवर होतो आणि डोक्यावर मात्र घरातलं बाईकचं हेल्मेट चढतं. त्यावर आयएसआय मार्क असतो, मग अडचण काय?

आयएसआय मार्क खोटा नाही, पण तो रस्त्यासाठी आहे

भारतात १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी फक्त बीआयएस प्रमाणित हेल्मेट विकायला परवानगी आहे. त्यासाठीचं मानक आहे आयएस ४१५१. दुचाकीस्वार रस्त्यावर पडला तर डोकं वाचावं, हा त्याचा हेतू.

रेसच्या गाडीत चालक बाहेर फेकला जात नाही. पट्ट्यांनी तो सीटला जखडलेला असतो आणि डोक्याच्या आसपास रोल केजचे लोखंडी पाइप असतात. गाडी उलटली तर डोकं त्याच पाइपवर पुन्हा पुन्हा आपटू शकतं. दुसरा धोका आगीचा. बाईकवरून पडलेला माणूस सहसा आगीपासून दूर फेकला जातो, पण गाडीतल्या माणसाला पट्टे सोडून बाहेर पडायला वेळ लागतो.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनच्या फॉर्म्युला वन शर्यतीत रोमां ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसली आणि पेटली. तो बाहेर आला तेव्हा सुमारे २८ सेकंद ज्वाळांमध्ये होता. तरीही तो वाचला, कारण हेल्मेटपासून सूटपर्यंत सगळं आगीचा विचार करून बनवलेलं होतं.

लेबलवरची अक्षरं काय सांगतात?

कार रेसिंगमध्ये मुख्यतः दोन संस्थांची लेबलं दिसतात.

पहिली अमेरिकेतली स्नेल फाउंडेशन. पीट स्नेल हा रेसर १९५६ साली शर्यतीत डोक्याला मार लागून गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने ही संस्था उभी राहिली. तिच्या लेबलवरची अक्षरं अशी वाचायची :

• एसए : कार रेसिंगसाठी. यात आगीची चाचणी असते. रोल बारसारख्या दांड्यावर हेल्मेट वारंवार आपटूनही पाहिलं जातं.
• के : कार्टिंगसाठी. आपटण्याच्या चाचण्या बऱ्याच अंशी एसएसारख्या, पण आगीची चाचणी नाही.
• एम : मोटरसायकलसाठी. यातही आगीची चाचणी नाही.
• सीएमआर : कार्टिंग करणाऱ्या मुलांसाठी. मुलांची मान नाजूक असते, म्हणून हे हेल्मेट वजनाला हलकं असतं.

अक्षरांपुढचा आकडा मानकाचं वर्ष सांगतो. एसए मानक साधारण दर पाच वर्षांनी सुधारलं जातं : एसए२०१०, एसए२०१५, एसए२०२०, एसए२०२५. जुनी मानकं काही काळाने स्पर्धांमधून बाद होतात.

दुसरी संस्था एफआयए, म्हणजे मोटरस्पोर्टची जागतिक संघटना. ८८५९-२०१५ आणि त्याहून कडक असलेलं ८८६०-२०१८ ही तिची मानकं. फेलिपे मासाच्या अपघातानंतर हेल्मेटच्या कपाळाकडच्या भागावर जास्त लक्ष गेलं. २५ जुलै २००९ रोजी हंगेरीत पुढच्या गाडीतून निखळलेली स्प्रिंग त्याच्या हेल्मेटवर आदळली होती. त्यानंतर काचेच्या वरच्या कडेला जादा संरक्षक पट्टी आली.

परदेशी बाईक हेल्मेटवर 'डॉट' किंवा 'ईसीई' लिहिलेलं असतं. तीसुद्धा रस्त्यावरची मानकं आहेत. महाग आणि परदेशी म्हणजे रेसचं, असं समजू नका.

फुल फेस की ओपन फेस?

बंद गाडीच्या रॅलीत ओपन फेस हेल्मेट दिसतं, कारण चालक आणि सहचालकाला इंटरकॉमवर सतत बोलावं लागतं. पण कार्ट, बग्गी किंवा उघडी जीप असेल तर फुल फेसच घ्या. चिखल, खडी आणि फांद्या थेट तोंडावर येतात.

वजनही बघा. एफआयएच्या नियमांत सगळ्या जोडण्यांसह फुल फेससाठी १,८०० ग्रॅम आणि ओपन फेससाठी १,४०० ग्रॅमची कमाल मर्यादा आहे. धडकेत हेल्मेटचा भार मानेवरच येतो.

मान वाचवण्यासाठी खांद्यावर बसणारं हान्ससारखं उपकरण वापरतात. ते हेल्मेटला दोन पट्ट्यांनी जोडलेलं असतं. त्यासाठी हेल्मेटला कंपनीनेच दिलेले अँकर हवेत. घरी ड्रिलने भोकं पाडलीत तर कवचही कमकुवत होतं आणि मान्यताही जाते. शिवाय हे उपकरण रेसिंगच्या हार्नेसबरोबरच काम करतं, गाडीच्या साध्या सीटबेल्टबरोबर नाही.

मापाचं काय?

भुवयांच्या साधारण इंचभर वर टेप गुंडाळून डोक्याचा घेर मोजा आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. हेल्मेट घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. डावी-उजवीकडे फिरवलं तर कातडीही सोबत हलली पाहिजे. पट्टा बांधून कोणाला तरी मागून हेल्मेट वर उचलायला सांगा. निघालं तर ते तुमचं नाही. दहा-पंधरा मिनिटं घालून बसा. कपाळावर एकाच जागी ठणकलं, तर आकार चुकला आहे.

सेकंड हँड घ्यावं का?

रेसिंग हेल्मेटची किंमत सहसा पाच आकड्यांत जाते, त्यामुळे मोह होतोच. पण आतला थर्माकोलसारखा थर धडकेत एकदाच दबतो आणि परत फुगत नाही. बाहेरून चकचकीत दिसणारं हेल्मेट आतून संपलेलं असू शकतं. ते कळायला तुमच्याकडे मार्ग नाही. पैसे कमी असतील तर नव्या हेल्मेटमध्ये साधं मॉडेल घ्या. कार्बन फायबरने वजन घटतं, पण लेबल तेच असेल तर फायबरग्लासही त्याच चाचणीतून गेलेलं असतं.

कोकणात जपायचं कसं?

पावसाळ्यात अस्तराला बुरशी लागायला आठवडाही पुरतो. वापरल्यावर पंख्याखाली किंवा सावलीत वाळवा. कडक उन्हात किंवा बंद गाडीच्या डिकीत ठेवू नका. पेट्रोल, थिनर यांनी पुसू नका आणि कंपनीला न विचारता रंगवू नका, रसायनांनी कवच खराब होतं. हेल्मेट आपटलं नाही तरी पाच वर्षांनी बदलावं, असा स्नेलचा सल्ला आहे.

पैसे देण्याआधी

१. स्पर्धेची पूरक नियमावली आणि एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेचे त्या वर्षीचे नियम वाचा. कोणतं मानक चालेल हे तिथेच ठरतं.
२. लेबल स्वतः बघा. स्नेलचं लेबल आत, अस्तराखाली चिकटवलेलं असतं. ऑनलाइन घेताना त्याचा फोटो मागा.
३. एफआयए मान्यता सांगितली असेल तर मॉडेलचं नाव एफआयएच्या संकेतस्थळावरील यादीत शोधा.
४. शंका असेल तर आयोजकांना आधीच विचारा.

स्पर्धेच्या सकाळी तपासणीत हेल्मेट बाद झालं, तर फार तर प्रवेश फी आणि एक दिवस वाया जातो. खरी भीती असते ती तपासणी ढिली असलेल्या गावठी स्पर्धेची. तिथे चुकीचं हेल्मेट कोणी अडवत नाही.