चोवीस जणांची मालिका

राजाचा सन्मान मिळाला म्हणजे नांवामागें कांहीं तरी उपाधि लागावयाची, अशी सर्वसाधारण समजूत असते. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड यानें १९०२ च्या जूनमध्यें ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ स्थापिली, तेव्हां ही समजूत मुद्दाम बाजूस ठेविली. या मालिकेंतील गृहस्थास त्यामुळें ‘सर’ म्हणवितां येत नाहीं, नांवापुढें ‘ओ. एम.’ हीं दोन अक्षरें लागतात, एवढेंच. सभासद एका वेळीं चोवीसांहून अधिक असावयाचे नाहींत, आणि त्यांची निवड प्रधानाच्या सल्ल्यानें नव्हे, तर राजाच्या स्वतःच्या मर्जीनें होते.

कल्पना अगदींच नवी नव्हती. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकनें १७४० मध्यें ‘पूर ल मेरित’ हा सन्मान सुरू केला होता. त्यास विद्वान् व कलावंत यांची निराळी शाखा १८४२ त जोडण्यांत आली. एडवर्डनें योद्धे व पंडित एकाच मालिकेंत बसविले आणि त्यांच्यांतील भेद फक्त पदकावर दाखविला. हें पदक म्हणजे मिन्याचें काम केलेला तांबडा क्रूस. वर राजमुकुट, आणि मध्यें निळ्या वर्तुळांत, लॉरेलच्या पानांनीं वेढलेले ‘फॉर मेरिट’, म्हणजे ‘गुणांसाठीं’, हे दोन शब्द. सभासद सैनिक असल्यास क्रूसाला दोन तलवारींची जोड मिळते. फीत निळी व तांबडी. पुरुष ती गळ्यांत घालतात.

पहिल्या बारा जणांत कानपुरास जन्मलेला सेनापति रॉबर्ट्स होता, तसाच जखमा निर्जंतुक ठेवण्याची रीत शिकविणारा लिस्टरहि होता. योगायोग असा कीं, त्याच जूनच्या २४ तारखेस अपेंडिक्सच्या विकारावरून खुद्द राजावर शस्त्रक्रिया झाली, राज्याभिषेक लांबला, आणि सल्ल्यासाठीं लिस्टरलाच बोलावावें लागलें!

स्त्रियांच्या बाबतींत मात्र ‘गुणांसाठीं’ हे शब्द फार हळू चालले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिला हा मान १९०७ त मिळाला. क्रिमियाचें युद्ध संपून अर्धें शतक लोटलें होतें; बाई ८७ वर्षांची, अंथरुणास खिळलेली, म्हणून पदक तिच्या घरीं पोंचविलें. दुसरी स्त्री, रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन, मालिकेंत आली ती १९६५ सालीं. मधल्या ५८ वर्षांत एकहि स्त्री पात्र ठरूं नये, हें पटण्याजोगें नाहीं.

परदेशीयांस हा सन्मान चोवीसांच्या गणनेबाहेर देतात. डॉ. राधाकृष्णन् यांस तो १९६३ त मिळाला. मदर तेरेसा यांस राणी दुसरी एलिझाबेथ हिनें १९८३ त दिल्लीसच तो अर्पण केला. तलवारींचें पदक मात्र मागें पडलें. हिंदुस्थानचे शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांस तें १९६५ त मिळालें. त्यांच्यानंतर सैनिक शाखेंत कोणाचीच नेमणूक झालेली नाहीं.