संधी आणि मफ्सिल

‘संधी’ हा शब्द ‘सम्’ आणि ‘धा’ यांपासून बनला. अर्थ : एकत्र ठेवणे. शरीरात दोन हाडे भेटतात ती जागा संधी; तिथले दुखणे संधिवात. दिवस-रात्रीची भेट संधिकाल, दोन राज्यांमधला तह संधी, आणि हाती आलेली योग्य वेळ हीही संधीच.

बोलण्यातही वर्णांची अशीच भेट घडते; तीही संधीच. ‘जगत्’ आणि ‘नाथ’ सलग उच्चारून पाहावेत : ‘त्’ म्हणेपर्यंत जीभ पुढच्या ‘न’च्या तयारीला लागते आणि ‘जगन्नाथ’ होते. घाम आणि ओळे मिळून घामोळे, एक-एक मिळून एकेक. ही खास मराठी वळणे संस्कृत संधींइतक्याच आस्थेने शिकवायला हवीत.

आता पुन्हा शरीरातल्या सांध्याकडे. बहारीनमधील जनाबिया गावात सांध्याला अरबी शब्द ‘मफ्सिल’. त्याचा धातू फ-स-ल, म्हणजे वेगळे करणे. सांधा तोच, संस्कृतने त्यात जोड पाहिला, अरबीने दोन हाडांमधला विभाग. त्याच धातूचा ‘फस्ल’ म्हणजे ऋतू, पुस्तकातले प्रकरण. उलगडून, भाग पाडून सांगणे म्हणजे ‘तफ्सील’. हा शब्द फारसीमार्गे मराठीत आला आणि ‘तपशील’ झाला. फैसला आणि फसली सन ही त्याचीच भावंडे. म्हणून जनाबियातल्या दवाखान्याच्या पाटीवर ‘मफासिल’, म्हणजे सांधे, हा शब्द दिसला, तर मराठी माणसाने तो परका मानू नये; आपला ‘तपशील’ त्याच घरातला आहे.