आखूड नळीचा जाळ आणि आवाज

कानपूरच्या ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हरचे १८ ऑगस्ट २०२३ रोजी अनावरण झाले आणि पन्नास मीटरांचा पल्ला, ७६ मिलीमीटरांची नळी व हातपिशवीत मावणारा आटोपशीर बांधा यांचे गुणगान यथासांग झाले. परंतु स्वसंरक्षणार्थ परवाना मागणाऱ्या गृहस्थास अथवा गृहिणीस ते जेथे चालवावे लागण्याचा संभव, ती जागा म्हणजे बहुधा दहा-बारा फुटांची खोली किंवा जिन्याचा काळोखा कोपरा, आणि तेथे पल्ल्याचे माहात्म्य संपून धारकाच्या स्वतःच्या डोळ्यांवर व कानांवर काय गुदरते हाच प्रश्न उरतो.

नळीच्या तोंडाशी दिसणारा जाळ म्हणजे न जळलेली दारू, हा रूढ समज अपुरा आहे. धूरविरहित दारूत प्राणवायू मुळातच तुटपुंजा असल्याने ती पुरती जळूनही कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे ज्वालाग्राही वायू शिल्लक राहतात, आणि गोळीमागोमाग बाहेर पडून हवेशी मिसळताच पुन्हा पेट घेतात. लांब नळीत त्यांना प्रसरण पावून निवण्यास अवकाश मिळतो. आखूड नळीतून ते अधिक दाबाने व अधिक तप्त असे निसटतात, म्हणून जाळही मोठा, आवाजही मोठा. ‘प्रबल’चे .३२ काडतूस सौम्य प्रकृतीचे आहे, हे मान्य केले पाहिजे; १९३५ सालचे .३५७ मॅग्नम दोन इंची नळीतून झाडले असता जो लोळ उठतो, तो येथे उठणार नाही.

रिव्हॉल्व्हरची खरी मेख मात्र नळीच्या मागल्या टोकाशी आहे. काडतुसांचे चक्र निर्वेध फिरावे म्हणून ते व नळी यांमध्ये सूक्ष्म फट ठेवावी लागते, आणि प्रत्येक बारासरशी तीतून तप्त वायू दोन्ही अंगांनी फुटतात. तेथे बोट आल्यास भाजते, जबर काडतूस असेल तर फाटतेही. बेल्जियमचे शस्त्रकार नागां यांनी या फटीवर जो तोडगा काढला, तो मला यंत्रकलेतील एक अत्यंत मनोहर कल्पना वाटतो: रशियन फौजेने १८९५ मध्ये स्वीकारलेल्या त्यांच्या रिव्हॉल्व्हरात घोडा चढताच सबंध चक्र पुढे सरकते, काडतुसाचे निमुळते तोंड नळीत शिरते आणि बाराच्या क्षणी फट उरतच नाही. या सोयीपायी चाप ओढण्यास फार जोर लागे, आणि ही रचना पुढे सार्वत्रिक झाली नाही.

कानांची कथा अधिक गंभीर आहे. क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची मर्यादा मानली जाते. रिव्हॉल्व्हरचा बार सहसा १५० च्या पुढे जातो, बंद खोलीच्या भिंती तो परतवतात, आणि अंतर्कर्णातील एकदा नष्ट झालेल्या केशपेशी मनुष्यात पुन्हा उगवत नाहीत. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदारास सुरक्षा-प्रशिक्षण आवश्यक ठरविले आहे. त्या प्रशिक्षणात उजेडातल्या मैदानी निशाणाबरोबरच, कानांवर आच्छादन चढवून, अंधाऱ्या बंदिस्त जागेतला एक तरी बार प्रत्येक अर्जदारास अनुभवावयास लावावा, आणि परवान्याच्या कागदावर सही होण्यापूर्वीच लावावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.