किनाऱ्यावरील निरोपाची रात्र

पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाला अटलांटिक महासागराचा विस्तीर्ण किनारा लाभला आहे. माडांच्या रांगा, वाळूवर ओढून ठेवलेल्या रंगीत होड्या आणि एका सुरात गाणे म्हणत काठावरून जाळे खेचणारे कोळी पाहिले, म्हणजे गोव्याच्या वाचकास आपल्या रापणीचीच आठवण व्हावी. याच किनाऱ्यावर, बुसुआसारख्या एखाद्या गावाजवळ, सेवा संपवून मायदेशी निघालेले परदेशी स्वयंसेवक कधी कधी तंबू ठोकून एक रात्र एकत्र काढतात. वरवर पाहता ही तरुणांची सहल वाटते. परंतु तिच्यामागे मनाची एक खरी गरज आहे.

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी ‘पीस कोअर’ हे स्वयंसेवकांचे दल स्थापन केले. त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी सुमारे पन्नास शिक्षकांची तुकडी घानाची राजधानी अक्रा येथे उतरली आणि तिने त्वी भाषेतील गीत गाऊन यजमानांना अभिवादन केले. भारतातही हे दल १९६१ पासून १९७६ पर्यंत काम करीत होते. पुढे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्याच दलातून आल्या आणि मुंबईनजीक विक्रोळी येथे त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली.

या सेवेची मुदत साधारणतः २७ महिन्यांची असते. पहिले तीन महिने सर्वांनी मिळून भाषा व रीतिरिवाज शिकावयाचे. मग ज्याने त्याने नेमून दिलेल्या गावी जावयाचे. कोणी शाळेत गणित शिकवितो, कोणी शेतकऱ्यांबरोबर राबतो. हिवतापाने अंथरूण धरले, घरची आठवण दाटून आली, हाती घेतलेले काम फसले, तर ते दुःख पूर्णपणे उमजावे असे माणूस एकच, दूरच्या गावी असलेला आपला सोबती. म्हणूनच गावाचा निरोप घेऊन झाला, तरी एक निरोप उरतोच.

तो निरोप किनाऱ्यावर होतो. केळीच्या पानात गुंडाळून उकडलेल्या आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे ‘केंके’, तळलेली मासळी आणि तिखटजाळ चटणी, एवढी मेजवानी पुरे होते. आपली भांडी, मच्छरदाणी, पुस्तके मागे राहणाऱ्याच्या स्वाधीन केली जातात. पहिल्या दिवसांतील भाषेच्या चुका आठवून हसू फुटते. मग हळूहळू बोलणे थांबते आणि लाटांचा आवाज तेवढा ऐकू येतो. दिवस मंगळवारचा असेल, तर पहाटे होड्या काठावरच दिसतात; कारण मंगळवार हा सागराच्या विश्रांतीचा दिवस मानून तेथील कोळी मासेमारीस जात नाहीत. उजाडल्यावर तंबू उतरतात आणि त्वी भाषेत एकमेकांस म्हटले जाते, ‘नान्ते यिए’, म्हणजे ‘नीट चालत जा’. आपणही घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो; दोहोंतील माया एकच.

या रात्रीचे मोल मार्च २०२० मध्ये कळून आले. कोरोनाच्या साथीमुळे साठाहून अधिक देशांतील सुमारे ७,००० स्वयंसेवकांना परत बोलाविण्यात आले. दलाच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. कित्येकांना पेटी भरण्यापुरताच अवकाश मिळाला. शाळेतील मुलांना सांगता आले नाही, शेजारणीचे डोळे पुसता आले नाहीत, आणि सोबत्यांबरोबर किनाऱ्यावर बसणे तर दूरच राहिले. मार्च २०२२ पासून स्वयंसेवक पुन्हा परदेशी जाऊ लागले. परंतु राहून गेलेला निरोप काही परत मिळत नाही.

वाचकहो, आपल्या घरांतूनही कोणी आखातात जातो, कोणी बोटीवर चढतो, कोणी मुंबईची वाट धरतो. निघण्याच्या गडबडीत तिकीट, कागदपत्रे आणि लोणच्याची बरणी यांची आठवण राहते. मात्र ज्यांच्याबरोबर बरेवाईट दिवस काढले, त्यांच्याजवळ घटकाभर बसणे राहून जाते. त्यास तंबू लागत नाही, समुद्रही लागत नाही. घराची ओटी आणि एक संध्याकाळ पुरेशी आहे. ती वेळीच काढावी.