भिडू, डाव आणि नीतिविचार

चारित्र्य आणि नीतिविचार या एकमेकींत गुंतलेल्या, पण वेगळ्या गोष्टी आहेत. शब्दाला जागणाऱ्या माणसाला आपण तसे का वागतो हे सांगता येईलच असे नाही. आणि धर्माधर्माचा कीस काढणारा माणूस व्यवहारात लबाड निघाल्याची उदाहरणे गावोगाव सापडतात. मूल या दोन्ही गोष्टी कशा मिळवते, या प्रश्नाचा मानसशास्त्राने गेली शंभर वर्षे पाठपुरावा केला आहे. मराठीत मात्र या विषयावर जे लिहिले जाते त्यातली जवळजवळ सगळी जागा ‘संस्कार’ व्यापून टाकतात, आणि संस्कार म्हणजे मोठ्यांनी द्यायचे नि लहानांनी घ्यायचे. मुले एकमेकांकडून काय मिळवतात, हे त्यात विचारलेच जात नाही. अभ्यासकांनी जमवलेला सर्वांत मोलाचा पुरावा मात्र नेमका तिथला आहे.

पेचप्रसंगांतून नीतीचा विचार करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. महाभारताच्या कर्णपर्वातला कौशिक सत्याच्या व्रतापायी लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा लुटारूंना सांगतो आणि नरकात जातो. शांतिपर्वातला विश्वामित्र दुष्काळात जीव जगवण्यासाठी चांडाळाच्या घरातून कुत्र्याचे मांस चोरायला निघतो, आणि ज्याच्या घरी चोरी करायची त्याच्याशीच धर्माधर्माचा वाद घालतो. टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’तल्या ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात असे पेच ओळीने मांडले. शेक्सपिअरचा हॅम्लेटही त्यात आणला. हे एक प्रकरण शाळेच्या वरच्या वर्गांतून वाचले गेले असते आणि त्यावर मुलांना भांडू दिले असते, तर नीतिविचाराचे याहून चांगले पाठ्यपुस्तक शोधावे लागले नसते. पण ही परंपरा पेच सोडवणाऱ्या प्रौढापासून सुरू होते. तो लहानाचा मोठा होताना असा विचार करायला केव्हा आणि कसा शिकला, हे ती सांगत नाही.

नीती जन्मतःच असते असे मानणाऱ्यांचा अलीकडे मोठा बोलबाला झाला. येल विद्यापीठात हॅम्लिन, विन आणि ब्लूम यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांनी टेकडी चढणाऱ्याला अडवणाऱ्या आकृतीपेक्षा मदत करणारी आकृती पसंत केली होती. त्यावर बरीच पुस्तके उभी राहिली. पुढे अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या मोठ्या फेरतपासणीत ही पसंती आढळली नाही. दुसऱ्या बाळाच्या रडण्याने बाळ कासावीस होते, एवढे मात्र पक्के आहे. त्या कासाविशीतून दुसऱ्याच्या दुःखाची जाण घडवण्याचे काम घराकडे येते.

घराविषयी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांचे काम मोलाचे आहे. मूल चुकले की पालक तीन मार्गांनी जातात: मार किंवा धाक, अबोला किंवा माया आटल्याचे दाखवणे, आणि तुझ्या वागण्याने समोरच्याला काय झाले हे समजावणे. तिसरा मार्ग वापरणाऱ्या घरांतल्या मुलांत अपराधाची जाण आणि दुसऱ्याची कळकळ अधिक दिसते. नाझी काळात जिवावर उदार होऊन ज्यूंना लपवणाऱ्या चारशेहून अधिक माणसांच्या मुलाखतींवर आधारलेले सॅम्युअल आणि पर्ल ऑलिनर यांचे पुस्तक 1988 साली आले. त्या माणसांच्या बालपणाच्या आठवणींत मार कमी आणि समजावणे जास्त होते. छडीवाचून विद्या नाही असे म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे.

मराठी वाचकाला इथे ‘श्यामची आई’ आठवणारच. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक रडवणारे म्हणून गौरवले गेले आणि त्याच कारणाने हिणवलेही गेले. दोन्ही बाजूंचे तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीकडे दुर्लक्ष झाले. भाजी अळणी झालेली असताना वडील चकार शब्द न काढता जेवतात. आई जेवायला बसल्यावर तिला चूक कळते आणि ती हळहळते. मुलाला कोणी काही शिकवत नाही, पण दुसऱ्याचे मन जपणे म्हणजे काय हे त्याच्या डोळ्यांसमोर घडते. मोळी पडलेल्या महार म्हातारीला हात द्यायला आई श्यामला पाठवते, तेव्हा त्याला तिच्या हालांकडे बघायला लावते. पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला तिने मारलेही आहे. पण पुस्तकभर पाहिले तर तिची भिस्त समजावण्यावर आणि स्वतःच्या वागण्यावर आहे.

तरीही घरात एक गोष्ट शिकता येत नाही. आई-वडील आणि मूल बरोबरीचे नसतात. घरचा नियम कितीही प्रेमाने सांगितला तरी तो वरून आलेला असतो. बरोबरीच्यांत नियम कसा जन्माला येतो, हे मूल अंगणात शिकते. त्याचा पहिला नीट अभ्यास झाँ पियाजे यांनी केला.

पियाजे आणि त्यांचे सहकारी जिनिव्हा आणि नोशातेल इथल्या मुलांसोबत गोट्या खेळायला बसले. मुलांनाच त्यांनी खेळ शिकवायला सांगितले आणि मग प्रश्न विचारले: हे नियम कोणी केले? पूर्वी असेच खेळत होते का? तू नवा नियम काढलास तर चालेल का? यातून 1932 साली मुलांच्या नीतिनिर्णयांवरचे त्यांचे पुस्तक झाले. पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या लेखी नियम वडीलधाऱ्यांनी, कधी देवाने केलेले आणि न बदलणारे होते. गंमत अशी की हीच मुले खेळताना आपापल्या मनाचे खेळत आणि सगळेच जिंकत. दहा-अकरा वर्षांची मुले उलट म्हणत, सगळ्यांचे ठरले तर नियम बदलता येतो. आणि तीच मुले नियम काटेकोर पाळत. नियम आपण केला आहे हे उमगल्यावरच तो खऱ्या अर्थाने पाळला जातो, हा या पुस्तकाचा गाभा आहे. अभ्यासक्रमांत मात्र चुकून पंधरा कप फोडणाऱ्या आणि मुरंबा चोरताना एक कप फोडणाऱ्या मुलांची गोष्ट तेवढी उरली. परीक्षेत प्रश्नही तिच्यावरच येतो.

समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम यांच्याशी पियाजे यांचा वाद याच मुद्द्यावर होता. दुर्खाइम यांच्या मते नीतीचा उगम समाजाच्या अधिकारात आहे आणि शिक्षक त्या अधिकाराचा प्रतिनिधी आहे. पियाजे यांनी दाखवले की अधिकारातून आज्ञाधारकपणा येतो. न्यायाची बुद्धी येते ती परस्परांच्या सहकार्यातून. मराठी शिक्षणविचाराने या वादात न बोलता दुर्खाइम यांची बाजू घेतली, आणि ही निवड महागात पडली आहे.

पियाजे यांना पुरावा हवा असता तर तो मराठी गल्ल्यांत विपुल होता. गोट्या, विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या, लपंडाव या कशालाही पंच नसे. कोणावर राज्य हे सगळे मिळून ठरवत. गल किती अंतरावर, विटी झेलली गेली की टप्पा पडला, यावर खेळापेक्षा जास्त वेळ भांडण चाले. ते भांडण फार ताणता येत नसे, कारण ताणले तर खेळ मोडतो आणि खेळ सगळ्यांनाच हवा असतो. रडीचा डाव खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी भिडू म्हणून घेत नसे; पण तो आठवडाभर कठड्यावर बसून राहिला तर त्याला परतही घेतले जाई. धाप लागली किंवा लागले-खरचटले की ‘टाइमप्लीज’ म्हणायची सोय होती, आणि तिचा गैरवापर कोण करतो हे सगळ्यांना ठाऊक असे.

या व्यवस्थेतली सर्वांत सुंदर संस्था म्हणजे लिंबूटिंबू. कोणाचे तरी धाकटे भावंड खेळायला हट्ट करते. त्याला खेळता येत नाही, घालवले तर ते रडते आणि खऱ्या नियमांनी घेतले तर बिचारे पहिल्याच फटक्यात बाद होते. मग मुलांनी तोडगा काढला: तो खेळेल, पळेल, ओरडेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. नियम सर्वांना सारखा, आणि जो दुबळा आहे त्याच्यासाठी सर्वांच्या संमतीने सवलत. या दोन तत्त्वांचा मेळ घालताना विधिमंडळे आणि न्यायालये थकतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी तो कोणी न शिकवता घातला होता. धाकटे मोठे झाल्यावर त्याची सवलत काढून घेण्याचा दिवसही मुलेच ठरवत, आणि त्या दिवशी लिंबूटिंबूला आनंद होई.

हे अंगण गेले. गृहसंकुलांत गाड्या उभ्या राहिल्या. खेळ प्रशिक्षण-शिबिरात गेला आणि तिथे शिट्टी मोठ्यांच्या हाती आली. शिबिरातली मुले जास्त चपळ असतील, खेळातले तंत्रही त्यांना जास्त येत असेल. पण झेल खरा की खोटा हे ती एकमेकांना न विचारता प्रशिक्षकाकडे बघतात. या बदलाने गेलेली गोष्ट कुठल्याही सुट्टीतल्या संस्कारवर्गाने भरून आलेली नाही.

वयात येताना विचाराची झेप वाढते. लॉरेन्स कोलबर्ग यांनी 1958 साली शिकागोत पूर्ण केलेल्या प्रबंधात 10 ते 16 वर्षांच्या 72 मुलांपुढे पेच ठेवले. हाइन्झ नावाच्या माणसाची बायको मरणाच्या दारात आहे, औषध बनवणारा अवाच्या सवा पैसे मागतो आहे. हाइन्झने औषध चोरावे का? विश्वामित्राच्या पेचाचा हा जवळचा नातलग. कोलबर्ग यांनी उत्तराला महत्त्व दिले नाही, कारणांना दिले; आणि शिक्षेच्या भीतीपासून सार्वत्रिक तत्त्वांपर्यंत सहा पायऱ्या मांडल्या. पायऱ्यांचे कोष्टक सर्वत्र छापलेले आहे. सहावी पायरी प्रत्यक्ष माणसांत इतकी विरळ निघाली की ती पुढे गुणांकनातून वगळावी लागली.

त्यांच्यावरच्या टीकेतले सार थोडक्यात असे. कॅरल गिलिगन यांनी 1982 साली दाखवून दिले की मूळ पाहणीत फक्त मुलगे होते आणि जपणूक, नाती, जबाबदारी यांचा विचार त्यात खालचा ठरत होता. हा आक्षेप रास्त होता. पुढच्या संशोधनात स्त्री-पुरुषांतला फरक मात्र अगदी थोडा निघाला. एलियट ट्युरिअल यांच्या मते तीन-चार वर्षांच्या मुलालाही मारणे आणि शिस्त मोडणे यांतला फरक कळतो. रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी भुवनेश्वरात लिंगराज मंदिराच्या परिसरात विचारले, तेव्हा वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापून कोंबडी खाणे हा लोकांना घोर अधर्म वाटला. रूढी आणि नीती यांची रेघ सगळीकडे एकाच जागी नसते. जोनाथन हाइट यांनी 2001 साली, निर्णय आधी मनात उमटतो आणि कारणे मागाहून जुळवली जातात, असा युक्तिवाद केला. एकट्या माणसाच्या बाबतीत तो पुष्कळसा खरा आहे. समोर कारण मागणारा भिडू असला की चित्र पालटते.

कोलबर्ग यांचे खरे मोठे काम उत्तरायुष्यातले आहे आणि त्याचीच सर्वांत कमी चर्चा होते. 1969 साली इस्रायलमधल्या किबुत्झ या सामूहिक वसाहतीतल्या मुलांचे जीवन पाहून ते परतले आणि काल्पनिक पेचांवर भागणार नाही अशा निष्कर्षाला आले. 1974 साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे त्यांच्या सहभागाने क्लस्टर स्कूल सुरू झाले. दर आठवड्याला सभा. शिक्षकाला एक मत, विद्यार्थ्यालाही एकच. एका मुलीच्या पर्समधून नऊ डॉलर चोरीला गेले. कोणी कबूल होईना. चोरी हा त्या मुलीचा प्रश्न, तिने पैसे सांभाळायला हवे होते, असे काही म्हणाले. मग एका विद्यार्थिनीने मांडले की आपल्यात चोरी झाली यात दोष सगळ्यांचा आहे, आणि सर्वांनी प्रत्येकी पंधरा सेंट काढून पैसे भरून द्यायचे ठरले. कुठल्याही पुस्तकातला धडा हे करू शकला नसता. ते पंधरा सेंट मुलांच्या स्वतःच्या खिशातून गेले.

या वाटेवर कोलबर्ग यांच्या कितीतरी आधी वॉर्सातले डॉक्टर यानुश कोर्चाक चालले होते. 1912 साली उघडलेल्या त्यांच्या ज्यू अनाथालयात मुलांचे न्यायालय होते. न्यायाधीश मुलेच, आणि मोठ्या माणसावरही खटला भरता येई. कोर्चाक स्वतः त्यापुढे उभे राहिले. त्यांनी लिहिलेल्या संहितेतली पहिली बरीच कलमे क्षमेची आहेत. जुलै 1942 मध्ये वॉर्सा घेट्टोत या मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ सादर केले. पुढच्याच महिन्यात मुलांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेले गेले आणि कोर्चाक त्यांच्याबरोबर गेले.

महाराष्ट्रातल्या शाळांतही शालेय मंत्रिमंडळ असते, निवडणूक होते, शपथही दिली जाते. बहुतेक ठिकाणी शिस्तमंत्र्याचे काम रांगा लावणे आणि बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे एवढेच राहते. ज्या शाळांत पोषण आहाराच्या वाढपावरची, मैदानाच्या वाटणीवरची, वर्गातल्या भांडणावरची गाऱ्हाणी मुलांच्या सभेत खरोखर सुटतात, तिथला फरक तासभर बसले तरी कळतो. परिपाठात श्रमप्रतिष्ठेपासून नीटनेटकेपणापर्यंतची दहा मूल्ये फळ्यावर येतात, सुविचार लिहिला जातो, बोधकथा सांगितली जाते. याला विरोध करण्याचे कारण नाही, पण यातून चारित्र्य घडते हा समज हार्टशॉर्न आणि मे यांनी 1928 ते 1930 या काळातच मोडीत काढला. सुमारे 11 हजार अमेरिकन मुलांना त्यांनी फसवायची, खोटे बोलायची, चोरायची संधी देऊन पाहिले. एका ठिकाणी प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या ठिकाणी तसेच राहील असा भरवसा नव्हता, आणि धर्मवर्गांना जाण्याचा प्रामाणिकपणाशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो वर्गाशी: एकाच वर्गातली मुले बरीचशी सारखी वागत.

प्रौढपणी विचाराची वाढ थांबत नाही. कोलबर्ग यांच्या मूळ मुलांचा वीस वर्षे मागोवा घेतला गेला, तेव्हा ती तिशीपर्यंत पुढे सरकताना दिसली. पण विचार आणि कृती यांतली दरी प्रौढांतही राहते. डार्ली आणि बॅट्सन यांनी 1973 साली प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रवचन द्यायला पाठवले आणि वाटेत कण्हणारा माणूस ठेवला. घाई नसलेल्यांपैकी 63 टक्के थांबले, घाईत असलेल्यांपैकी फक्त 10 टक्के. प्रवचनाचा विषय परोपकाराची बोधकथा असल्याने विशेष फरक पडला नाही. स्टॅनली मिलग्रम यांच्या प्रयोगात 40 पैकी 26 जणांनी अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाला शेवटचा, 450 व्होल्टचा झटका दिला. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते खरे वाटत होते. याच प्रयोगाच्या दुसऱ्या आवृत्तीचा उल्लेख फार थोडे करतात. तिच्यात शेजारी आणखी दोघे बसवले होते. आतून प्रयोगात सामील असलेल्या त्या दोघांनी मध्येच नकार दिला आणि ते बाजूला झाले. त्यानंतर 40 पैकी फक्त चौघे शेवटच्या झटक्यापर्यंत गेले.