स्टिअरिंग डावीकडे, रस्ताही डावीकडचा

चेन्नईहून तंजावूरकडे निघालेला प्रवासी विक्रवांडीला मोठा महामार्ग सोडतो आणि कुंभकोणमच्या दिशेने कावेरीच्या सुपीक प्रदेशात शिरतो. ही वाट दीर्घकाळ दुपदरी होती. गावोगावचे आतले रस्ते आजही अरुंदच आहेत. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला भातखाचरे आणि पुढे पेंढ्याने भरलेला ट्रक! त्याला ओलांडायचे तर चालकाला उजवीकडून पुढचा रस्ता दिसावा लागतो. परंतु स्टिअरिंग डावीकडे असलेल्या अमेरिकन मोटारीच्या चालकाला दिसते ती केवळ ट्रकची पाठ. रस्ता पाहण्यासाठी अर्धी गाडी समोरच्या वाहतुकीत काढावी लागते. शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींच्या "आता या" या शब्दावर किती भिस्त ठेवावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

इंग्लंडमधील हौशी मोटारमालकांनी ही अडचण वर्षानुवर्षे सोसली. फोर्ड कंपनीची मस्टँग १९६४ मध्ये अवतरली. मात्र कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची मस्टँग ब्रिटिश ग्राहकाच्या हाती पडण्यास २०१५ साल उजाडावे लागले. तोवर ज्याला हौस, त्याने अमेरिकेतून गाडी मागवावी आणि पदपथाच्या बाजूस बसून ती हाकावी. टोलनाक्यावर पैसे देण्याची खिडकी पलीकडच्या बाजूला. अमेरिकन दिव्यांचा झोत उजवीकडे झुकणारा, म्हणजे इंग्लंडमध्ये नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर. तो बदलून घ्यावा लागे. अमेरिकेत मागचे वळणदर्शक दिवे तांबडे चालतात, इंग्लंडला ते पिवळसर नारिंगी हवेत. एक समाधान मात्र फुकट मिळे. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा असल्यामुळे तीच गाडी इंग्लंडमध्ये कागदोपत्री अधिक मैल धावे! पेट्रोलचे बिल अर्थातच या हिशेबाला भुलत नसे.

या अडचणीवर राजेशाही तोडगा काढणारा एक रसिक आपल्याच मराठी परंपरेतला होता. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (१९०८–१९६१) यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्ड येथे झालेले. १९३५ च्या सुमारास त्यांनी इंडियानापोलिसच्या ड्युसेनबर्ग कंपनीची गाडी घेतली. सांगाडा आणि आठ सिलिंडरांचे, सुपरचार्जर जोडलेले सुमारे ३२० अश्वशक्तीचे इंजिन अमेरिकन. वरचे देखणे कवच मात्र लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी घडविलेले, तेही केशरी आणि काळ्या रंगात. स्टिअरिंग उजवीकडे होते. संस्थानिकाला जे पैसे मोजून साधले, त्यासाठी सामान्य ब्रिटिश चालकाला पुढे ऐंशी वर्षे थांबावे लागले.

आपल्याकडे हा निर्णय हौशीवर सोडलेला नाही. नवी मोटार आयात करावयाची तर स्टिअरिंग उजवीकडे, वेगमापक किलोमीटरमध्ये आणि पुढचे दिवे डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीस साजेसे, अशा अटी आयात धोरणात आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२० असेही सांगते, की डाव्या स्टिअरिंगचे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवायचे असल्यास त्याला इशारा देणारे विहित यांत्रिक वा विद्युत साधन असले पाहिजे.

त्यामुळे मस्टँग भारतात अधिकृतपणे आली ती उजव्या स्टिअरिंगची गाडी तयार झाल्यावर, जुलै २०१६ मध्ये. पाच लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन आणि दिल्लीतील शोरूमची किंमत ६५ लाख रुपये. अमेरिकेत हे इंजिन असलेल्या मस्टँगची किंमत सुमारे ३३ हजार डॉलरपासून, म्हणजे तेव्हाच्या दराने बावीस लाखांच्या आसपास सुरू होत असे. दोन्ही गाड्या साजसामानात अगदी सारख्या नव्हत्या हे खरे. तरीही फरकाचा मोठा वाटा आयात शुल्क व करांचा होता. कर्ज काढून अशी गाडी घेणाऱ्याने हे नीट समजून घेतलेले बरे. करापोटी गेलेली रक्कम गाडी विकताना कोणी वेगळी मोजून देत नाही, हप्ता मात्र तिच्यावरही व्याजासह भरावा लागतो. शिवाय रस्ता कर, विमा आणि सुटे भाग आहेतच. फोर्डने भारतातील वाहननिर्मिती बंद करण्याची घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये केली, तेव्हा मस्टँगच्या मालकांना सुट्या भागांची काळजी वाटली असल्यास नवल नाही.

आणि या कथेला एक उलटी बाजूही आहे. चेन्नईहून तंजावूरला जाताना वाटेत मराइमलै नगर लागते. तेथील फोर्डच्या कारखान्यात २०२२ पर्यंत इकोस्पोर्ट ही मोटार तयार होत असे. २०१८ पासून ती अमेरिकेतही विकली गेली आणि त्या ग्राहकांसाठीच्या गाड्यांची स्टिअरिंग तामिळ कामगारांनी डावीकडे बसविली होती.