भाड्याच्या डिस्कवर पोटभाडेकरू

नगर-मनमाड रस्त्यावरील नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या कंपन्यांना सुटे भाग बनवून देणारे जॉबवर्कवाले पुष्कळ आहेत. अशा धंद्यात कागदी ड्रॉईंगची जागा आता संगणकावरील फाईलीने घेतली आहे. ड्रॉईंगची कोणती दुरुस्त प्रत मशीनवर गेली, यावर माल पास होणार की परत येणार हे ठरते. म्हणून फाईली कोठे ठेवायच्या हा विषय एकट्या संगणकवाल्यावर सोडून चालत नाही.

अडचण साधारण अशी असते. डिझाईनच्या खोलीतील लिनक्स सर्व्हर आपली डिस्क एनएफएस पद्धतीने वाटतो. ही पद्धत सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली आणली. शेडमधील विंडोज संगणकांना मात्र सांबा सोयीचा. मग कोणीतरी सुचवतो की, मध्ये एक जुना संगणक ठेवा, त्यावर लिनक्स टाका, सर्व्हरची डिस्क त्यावर माउंट करा, म्हणजे आपल्याच फोल्डरसारखी जोडून घ्या, आणि तीच सांबाने पुढे वाटा. खर्च जवळजवळ शून्य!

हा सरळसरळ पोटभाडेकरूचा व्यवहार आहे. घरमालक भाडेकरूला ओळखतो. आत प्रत्यक्ष कोण राहतो हे त्याला ठाऊक नसते. शेडमधल्या संगणकाने फाईलीला लावलेले कुलूप मधल्या संगणकापुरतेच राहू शकते, आणि डिझाईनवाला तीच फाईल मूळ सर्व्हरवरून खुशाल बदलतो. सांबाच्या ऑपलॉक सवलतीने विंडोज संगणक फाईलीची प्रत आपल्याजवळ धरून ठेवतो. मूळ फाईल दुसऱ्या वाटेने बदलली, तर सांबाला त्याचा पत्ता नसतो. तेव्हा अशा जोडणीत ऑपलॉक बंदच ठेवावेत. वेग थोडा घटेल, पण जुने ड्रॉईंग मशीनवर जाण्याचा धोका कमी होईल.

पुढेही एनएफएसनेच वाटायचे म्हटले, तर लिनक्स बरीच वर्षे साफ नकार देत असे. अलीकडच्या कर्नलमध्ये सोय आहे, मात्र एफएसआयडी क्रमांक हाताने द्यावा लागतो, आणि मधला संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला की घेतलेली कुलुपे परत मिळत नाहीत.

आम्हाला सर्वात मोठा धोका विजेचा वाटतो. वीज गेली, परत आली, आणि मधला संगणक मूळ सर्व्हरच्या आधी उठला, तर माउंट होत नाही. सांबा मात्र रिकामे फोल्डर वाटू लागतो. कामगार त्यात दिवसभराच्या फाईली ठेवतो. नंतर कोणी डिस्क जोडली की त्या फाईली तिच्याखाली झाकल्या जातात आणि ‘डेटा उडाला’ अशी ओरड होते. तो उडालेला नसतो. डिस्क सोडवून पाहिली की फाईली जागेवर सापडतात. हे टाळण्यासाठी माउंट झाल्याशिवाय सांबा सुरूच होऊ नये अशी अट सिस्टिमडीत घालावी. शिवाय डिस्क जोडण्यापूर्वी त्या रिकाम्या फोल्डरवर चॅटर आज्ञेने ‘प्लस आय’ खूण करावी, म्हणजे त्यात कोणाला काही लिहिताच येणार नाही.

आमचे स्पष्ट मत असे की, मूळ सर्व्हर आपल्या ताब्यात असेल तर सांबा तेथेच बसवावा. तोही फुकटच आहे, आणि मधला संगणक लागतच नाही. सर्व्हर बंद डब्यासारखा असून त्यात काही बसवता येत नसेल, तरच ही मधली जोडणी करावी, आणि तीही शेडला फक्त वाचण्यापुरती. मशीनवाल्याला ड्रॉईंग पाहायचे असते, बदलायचे नसते.